एकच ॲप, तीन प्रणाली: डेस्कटॉप टूलकिट कसे निवडावे

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारे ॲप करायचे ठरले की पहिला वाद टूलकिटवरून, म्हणजे खिडक्या, बटणे, तक्ते काढून देणाऱ्या तयार संचावरून होतो, आणि तो बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. प्रत्येक टूलकिटच्या संकेतस्थळावर पाच-दहा ओळींत खिडकी उघडून दाखवलेली असते. खिडकी सगळ्यांनाच उघडता येते. ॲप अडते ते पन्नास हजार ओळींच्या तक्त्यावर, पावतीच्या छपाईवर, ‘दुसऱ्या’ हा शब्द फुटण्यावर आणि मॅकने ॲप उघडायलाच नकार देण्यावर. म्हणून निवड या अडणाऱ्या जागांवरून करायची, आणि वगळत वगळत करायची.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. सार्वजनिक वाचनालयासाठी ॲप करायचे आहे. सभासद, पुस्तके, देवघेव, वर्गणीच्या पावत्या. नोंदी मराठीत, इंटरनेट कधी असेल कधी नसेल, सगळी माहिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये. पतसंस्थेचे किंवा दवाखान्याचे ॲप असले तरी पुढचे बरेचसे तसेच लागू होते.

आधी यंत्रे मोजा

ॲप ज्या संगणकांवर चालणार आहे त्यांची यादी हातात घ्या: प्रणालीची आवृत्ती, रॅम, पडद्याचा आकार. ही यादीच अर्धी निवड करून टाकते. एखाद्या टेबलावर विंडोज ७ अजून चालू असेल, तर क्यूटी ६ (सी प्लस प्लसचे टूलकिट) बाद, कारण त्याला विंडोज १० लागते. विंडोज ७ वर क्यूटीची ५.१५ हीच शेवटची आवृत्ती. इलेक्ट्रॉन या वेबपानातून ॲप करणाऱ्या टूलकिटमध्ये २२ ही विंडोज ७ आणि ८ ला धरून असलेली शेवटची आवृत्ती. २३ पासून तो आधार संपला. पायथॉनचे गाडे ३.८ वर थांबते. अशा जुन्या आवृत्त्यांवर नवे ॲप बांधता येते, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. अशा वेळी दोन यंत्रे बदलायला सांगणे बहुतेकदा स्वस्त पडते.

रॅम ४ जीबी असेल तर इलेक्ट्रॉनचा विचार जपून करा. त्याच्या पोटात अख्खे क्रोमियम (क्रोमच्या मुळाशी असलेला ब्राउझर) आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) असते. रिकाम्या खिडकीसाठीही तीन-चार प्रक्रिया सुरू होतात, आणि बसवलेले ॲप डिस्कवर २०० एमबीच्या पुढे जाते. ८ जीबीच्या यंत्रावर याचे कुणाला काही वाटत नाही. ४ जीबीच्या यंत्रावर बाजूला ब्राउझर उघडा असला की ते लगेच जाणवते.

बटण कोण काढते?

टूलकिटचे गट भाषेवरून पाडू नका. पडद्यावरचे बटण नेमके कोण काढते, हे विचारा.

पहिला गट प्रणालीचीच बटणे वापरतो. डब्ल्यूएक्सविजेट्स हे त्याचे जुने, भरवशाचे उदाहरण. १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात ते सुरू झाले. विंडोजवर ते विंडोजची, मॅकवर कोकोआची आणि लिनक्सवर जीटीकेची बटणे मांडते. ॲप त्या त्या प्रणालीत मिसळून जाते. पण तिन्हीकडे मापे थोडी वेगळी येतात, म्हणून जागा पिक्सेलमध्ये मोजून दिली की मांडणी बिघडते.

दुसरा गट सगळे स्वतः रंगवतो. क्यूटी, जीटीके, फ्लटर, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटसाठी ॲव्हलोनिया आणि जावाएफएक्स यात येतात. तिन्हीकडे जवळजवळ सारखेच दिसते. मात्र मजकूर बसवणे, अंध वाचकांच्या सॉफ्टवेअरशी बोलणे, कळफलकाच्या सवयी हे सगळे टूलकिटला स्वतः निभवावे लागते. क्यूटीने ते निगुतीने केले आहे. जीटीके लिनक्सवर उत्तम आहे, पण विंडोज आणि मॅकवर पाहुण्यासारखे वागते.

तिसरा गट वेबपान दाखवतो. इलेक्ट्रॉन स्वतःचे इंजिन सोबत आणतो. टाउरी प्रणालीचे इंजिन वापरतो: विंडोजवर वेबव्ह्यू२, मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू, लिनक्सवर वेबकिटजीटीके. त्यामुळे टाउरीचा इन्स्टॉलर काही एमबींत आटोपतो. पण मग एकाच पानाची तीन इंजिनांवर तपासणी करावी लागते, आणि लिनक्सवरचे वेबकिट कोणत्या आवृत्तीचे असेल हे उबंटूसारखे लिनक्सचे वितरण ठरवते. टाउरी १ ला वेबकिटजीटीकेची ४.० मालिका लागत असे, उबंटू २४.०४ मधून ती काढली गेली आणि ती ॲप तिथे बांधता येईनात. टाउरी २ मध्ये ४.१ मालिका आहे.

टीकेइंटर पायथॉनसोबत फुकट येते म्हणून मोह होतो. आतल्या कामाच्या छोट्या साधनांसाठी ते ठीक. मराठी ॲपसाठी मात्र नाही. कारण पुढच्याच भागात आहे.

मजकुराची चाचणी सगळ्यात आधी

ही चाचणी एका तासाची आहे, आणि तीच सगळ्यात जास्त टूलकिट बाद करते. एक लेबल, एक मजकूर-चौकट आणि एक तक्ता असलेली खिडकी करा. तिन्ही ठिकाणी हा मजकूर टाका:

दुसऱ्या वर्षी तऱ्हेतऱ्हेचे पक्षी; व्यक्तिमत्त्व, कर्तृत्व, उद्ध्वस्त, वाङ्मय, स्त्री, श्रद्धा, ज्ञानेश्वर, ॲड. ऑर्डर.

आता काय बघायचे? ‘व्यक्ति’मधली ऱ्हस्व वेलांटी संपूर्ण ‘क्त’च्या आधी आली पाहिजे. ती क आणि त यांच्या मध्ये दिसली, तर टूलकिट अक्षरे नुसती ओळीने मांडते आहे, जोडत नाही. ‘वर्षी’चा रफार वेलांटीच्या डोक्यावर बसला पाहिजे. ‘दुसऱ्या’तला र आडव्या छोट्या रेघेसारखा यावा, तो मराठी-नेपाळीचा खास आकार आहे, आणि हिंदी मजकुरावर केलेल्या चाचणीत तो कधीच सापडत नाही. ‘ॲड.’च्या जागी चौकोन दिसला तर दोष टूलकिटचा नाही, फॉन्टचा: ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले, आणि जुन्या फॉन्टांत ते नसते.

क्यूटी, जीटीके, फ्लटर, ॲव्हलोनिया आणि क्रोमियम हे सगळे जोडाक्षरांसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतात, त्यामुळे इथे पास होतात. डब्ल्यूएक्स प्रणालीवर सोपवते, तेही पास. लिनक्सवरचे टीके, म्हणजे टीकेइंटरचा पाया, अक्षरे जोडत नाही. तिथे ‘व्यक्ति’ फुटते. डिअर इमगुईही जोडत नाही. इंग्रजी आकडे दाखवणाऱ्या यंत्र-पटलासाठी ते छान आहे, सभासदांच्या नावांसाठी नाही.

यानंतर टंकून बघा. चिकटवलेला मजकूर बरोबर दिसतो म्हणून टंकलेलाही येईल असे नाही. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी, दोन्ही कळफलकांवर ‘कर्तृत्व’ लिहा. बॅकस्पेस दाबल्यावर आधी काना-मात्रा जावी, अख्खे अक्षर नाही. लिनक्सवर क्यूटीचे ॲप बांधताना ‘प्लॅटफॉर्म-इनपुट-कॉन्टेक्स्ट्स’ हा प्लगइनचा फोल्डर सोबत न्यायचा राहून जातो. मग बनवणाऱ्याच्या यंत्रावर आयबसमधून (लिनक्सवरच्या टंकनाच्या सोयीतून) मराठी येते आणि ग्राहकाकडे फक्त इंग्रजी उमटते. त्रुटीचा संदेशही येत नाही, म्हणून शोधायला दिवस जातो.

फॉन्ट प्रणालीवर सोडू नका. विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर लोहित किंवा नोटो; प्रत्येकाची उंची वेगळी, त्यामुळे एकीकडे बसणारे बटण दुसरीकडे ‘र्ती’चे डोके कापते. मुक्त परवान्याचा एक देवनागरी फॉन्ट ॲपसोबतच द्या, सुरू होताना तो नोंदवा, आणि बटणांना ठरावीक उंची देऊ नका. काही फॉन्टांत श आणि ल यांची मराठी वळणाची रूपे वेगळी ठेवलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितले तरच ती उमटतात. वेबपानावर त्यासाठी मूळ टॅगला मराठीचा भाषासंकेत द्यावा लागतो. तो विसरला की हिंदी वळणाचा ल येतो, आणि वाचणाऱ्याला काहीतरी खटकत राहते.

जाता जाता एक गोष्ट, जिचा टूलकिटशी संबंध नाही पण जी इथेच सापडते: ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्तावाला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडखूण. दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र जुळत नाहीत. युनिकोडचे प्रमाणीकरण हे दोन एक करत नाही. नोंद साठवतानाच एका रूपात बदलून घेण्याचा नियम स्वतः लिहा, नाहीतर ‘गोऱ्हे’ आडनावाचे निम्मे सभासद शोधात हरवतील.

तक्ता आणि पावती

पन्नास हजार पुस्तके, प्रत्येकाचे आठ रकाने: चार लाख चौकटी. तक्त्यात त्या सगळ्या खरोखर तयार केल्या तर कोणतेही टूलकिट बसते. दिसणाऱ्या चाळीस ओळींपुरतीच माहिती मागणारा तक्ता हवा. क्यूटीत त्यासाठी टेबल-व्ह्यू आणि त्यामागे स्वतःचे मॉडेल वापरतात. नवशिके सोपे वाटते म्हणून टेबल-विजेट घेतात. ते हजार ओळींपर्यंत चालते, मग रडते. डब्ल्यूएक्सच्या यादीला ‘व्हर्च्युअल’ प्रकार आहे. वेबपानात हे आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळा घटक जोडावा लागतो, आणि मग ब्राउझरचा स्वतःचा ‘पानात शोधा’ उपयोगाचा राहत नाही, कारण न दिसणाऱ्या ओळी पानात नसतातच.

डेटाबेसची लांब चौकशी मुख्य धाग्यावर (थ्रेडवर) चालवू नका. सगळ्याच टूलकिटांत पडद्याला हात लावायचा हक्क फक्त मुख्य धाग्याला असतो. चौकशी दुसऱ्या धाग्यावर, आणि निकाल निरोपाने परत: क्यूटीत सिग्नल, डब्ल्यूएक्समध्ये कॉल-आफ्टर, इलेक्ट्रॉनमध्ये प्रक्रियांमधले संदेश. दुसऱ्या धाग्यावरून थेट लेबल बदलले तर दहापैकी नऊ वेळा चालते. दहाव्या वेळी ॲप कोसळते, आणि तेही ग्राहकाकडेच.

छपाईत वेबगट आणि क्यूटी पुढे आहेत. क्यूटीचे पीडीएफ आणि क्रोमियमचे पीडीएफ दोन्ही जोडाक्षरे नीट छापतात. जावास्क्रिप्टची जेएसपीडीएफ लायब्ररी मात्र अक्षरे जोडत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनमध्ये तिच्या नादी न लागता खिडकीचेच पीडीएफ काढा. संवादचौकट न दाखवता थेट छापायची सोय इलेक्ट्रॉनमध्ये आहे. पावती-खिडकीवर रांग लागते तिथे ही छोटी गोष्ट निवड फिरवू शकते.

पावतीचा थर्मल प्रिंटर असेल तर त्याला मजकूर पाठवू नका. त्याच्या अक्षरसाठ्यात देवनागरी बहुधा नसते. पावती आधी चित्र म्हणून रंगवा आणि ते काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत पाठवा. ८० मिमी कागदाच्या प्रिंटरची रुंदी बहुधा ५७६ ठिपके असते, ५८ मिमीची ३८४. या मापातच रंगवा. मोठे रंगवून लहान केले की शिरोरेघ तुटक येते.

परवाना वाचा, पण शेवटी नव्हे

इलेक्ट्रॉन आणि ॲव्हलोनिया एमआयटी या सैल मुक्त परवान्याचे आहेत, फारसा विचार करावा लागत नाही. डब्ल्यूएक्सचा परवाना एलजीपीएल या (लायब्ररीतले बदल खुले ठेवायला लावणाऱ्या) परवान्यासारखाच आहे, पण ॲप स्वतःच्या अटींवर वाटायची त्यात स्पष्ट सूट आहे.

क्यूटीत मात्र थांबून वाचा. बहुतेक भाग एलजीपीएल ३ खाली मिळतात. त्या अटींत राहून बंद स्रोताचे ॲप विकता येते: क्यूटीच्या लायब्रऱ्या वेगळ्या फाइलींत ठेवा, वापरणाऱ्याला त्या बदलता याव्यात, परवान्याची प्रत सोबत द्या, क्यूटी वापरल्याचे सांगा. सगळे एकाच फाइलीत ओतायचे असेल तर जबाबदाऱ्या वाढतात. क्यूटी ६ मधले आलेखांचे ‘चार्ट्स’ मॉड्यूल एलजीपीएलखाली नाही. ते जीपीएल (यात वाटलेल्या ॲपचा कोडही खुला करावा लागतो) किंवा विकतचा परवाना, एवढेच. वर्षाच्या देवघेवीचा एक स्तंभालेख टाकण्यासाठी अख्ख्या ॲपचा परवाना बदलावा लागू नये. पायथॉनवाल्यांसाठीही हाच खड्डा आहे: पायक्यूटी जीपीएल किंवा विकतचे, तर क्यूटी कंपनीचे पायसाइड६ एलजीपीएल. दोघांचा कोड जवळजवळ सारखा, म्हणून सुरुवातीलाच पायसाइड घ्या.

चार दिवसांची कसोटी

आता दोनच टूलकिट उरली असतील. तीन उरली तर संघाला जी भाषा येत नाही ते टूलकिट काढा. मग दोन्हींत ॲपचा सगळ्यात अवघड एकच पडदा बांधा. वाचनालयात तो देवघेवीचा: वर शोध, मध्ये मोठा तक्ता, खाली पावती. लॉगिनचा पडदा बांधू नका, तो सगळीकडे सोपाच असतो.

पहिल्या दिवशी पडदा आणि खोट्या पन्नास हजार नोंदी. दुसऱ्या दिवशी छपाई, आणि पडद्याचे प्रमाण १२५ व १५० टक्के करून तपासणी. अंधुक मजकूर आणि कापलेली अक्षरे इथे दिसतात. त्याच दिवशी माऊस बाजूला ठेवून फक्त कळफलकाने पूर्ण देवघेव करा, आणि विंडोजवर एनव्हीडीए हे मोफत वाचक-सॉफ्टवेअर लावून ऐका. बटणाचे नाव न घेता ते नुसते ‘बटण’ म्हणाले तर नावे द्यायची राहिली आहेत. काहीच म्हणाले नाही तर टूलकिटच मुके आहे. लिनक्सवर वेलँड (पडद्यावर खिडक्या मांडणारी नवी व्यवस्था) सत्रात चालवा. तिथे खिडकी स्वतःला पडद्यावर हव्या त्या जागी नेऊ शकत नाही, त्यामुळे ‘मागच्या वेळची जागा लक्षात ठेवा’ ही सोय चालणार नाही. तिसरा आणि चौथा दिवस पूर्ण पॅकेजिंगला, म्हणजे ग्राहकाला बसवता येईल असे ॲप बांधायला द्या. लोक इथे अर्धा दिवस धरतात.

वाचनालयाच्या उदाहरणात, यंत्रे साधी आणि संघाला पायथॉन किंवा सी प्लस प्लस येत असेल तर आम्ही क्यूटी विजेट्स घेऊ. संघ वेबचा असेल आणि यंत्रांत ८ जीबी रॅम असेल तर इलेक्ट्रॉन, संकोच न करता. त्याच्या वजनाची जेवढी चेष्टा होते तेवढी ती रास्त नाही, कारण तिन्हीकडे एकच इंजिन मिळणे ही मोठी बचत आहे. टाउरी तेव्हा, जेव्हा छपाई साधी आहे आणि संघात रस्ट ही भाषा जाणणारे कुणीतरी आहे. डॉटनेटवाल्यांनी लिनक्स हवे असेल तर मावी या मायक्रोसॉफ्टच्या टूलकिटच्या मागे जाऊ नये. मायक्रोसॉफ्टचा त्याला लिनक्ससाठी अधिकृत आधार नाही. ॲव्हलोनिया घ्यावे. आणि क्यूटीत एखादे वेबपान दाखवायचे म्हणून वेबइंजिन जोडलेत, तर त्यातही क्रोमियमच आहे. ॲप इलेक्ट्रॉनच्याच वजनाला जाऊन बसते.

कोऱ्या यंत्रावर

ज्या यंत्रावर विकासाचे एकही साधन बसवलेले नाही असे यंत्र किंवा आभासी यंत्र घ्या आणि तिथे ॲप बसवा.

विंडोजवर क्यूटीचे ॲप ‘प्लॅटफॉर्म प्लगइन सापडला नाही’ म्हणत बंद पडले, तर ‘प्लॅटफॉर्म्स’ फोल्डर सोबत आलेला नाही. क्यूटीसोबत येणारे विनडिप्लॉयक्यूटी हे साधन तो योग्य जागी ठेवते. हाताने फाइली नेऊ नका. व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइम फाइल नसल्याचा संदेश हा दुसरा नेहमीचा. पायथॉनचे ॲप पायइन्स्टॉलर या साधनाने सगळे एका फाइलीत बांधले तर दर वेळी ते तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, म्हणून सुरू व्हायला वेळ लागतो आणि अँटिव्हायरसही संशय घेतो. फोल्डर पद्धतीने बांधा आणि वर इन्स्टॉलर चढवा. डिजिटल सही नसलेल्या इन्स्टॉलरवर विंडोजच्या स्मार्टस्क्रीनचा निळा इशारा येतो. जून २०२३ पासून सहीच्या प्रमाणपत्राची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित सेवेत ठेवावी लागते, म्हणून प्रमाणपत्र हाती यायचे दिवस वेळापत्रकात धरा.

मॅकसाठी ॲपलची विकासक वर्गणी वर्षाला ९९ डॉलर. सही करून ॲप ॲपलकडे नोटरायझेशनला, म्हणजे तपासून मान्यता घ्यायला पाठवावे लागते. सही आतून बाहेर करायची: आधी आतल्या प्रत्येक लायब्ररीवर, शेवटी ॲपवर. एक लायब्ररी सुटली की नोटरायझेशन नाकारले जाते. पायथॉनच्या ॲपमध्ये अशा शेकडो फाइली असू शकतात. मॅकओएस १५ पासून कंट्रोल दाबून ‘उघडा’ म्हणायची पळवाट बंद झाली आहे, म्हणून ‘ग्राहकाला फोनवर सांगू’ हा बेत आता चालत नाही. इंटेल आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपा, दोन्हींसाठी बांधायचे हेही लक्षात असू द्या. संघात मॅक नसेल तर भाड्याच्या बिल्ड-सेवेवर बांधता येते, पण तपासायला एक खरा मॅक लागतोच.

लिनक्सवर नवीन यंत्रावर बांधलेले ॲप जुन्या यंत्रावर चालत नाही. उबंटू २२.०४ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३५ आहे आणि २०.०४ मध्ये २.३१, वर बांधलेले खाली आणले की आवृत्ती सापडत नाही असा संदेश येतो. ज्यांना आधार द्यायचा आहे त्यांतल्या सगळ्यात जुन्या वितरणावर बांधा. ॲपइमेज (एकाच फाइलीत बांधलेले लिनक्स ॲप) दुहेरी टिचकीने उघडत नसेल तर फ्यूज २ ची लायब्ररी बसवलेली आहे का पाहा, उबंटूत २२.०४ पासून ती आपोआप येत नाही.

शेवटी दुरुस्त्यांचे वेळापत्रक लिहून ठेवा. इलेक्ट्रॉनची मोठी आवृत्ती दर आठ आठवड्यांनी येते आणि फक्त शेवटच्या तीन आवृत्त्यांना आधार असतो. म्हणजे सहा महिने हात लावला नाही तर ॲपमधले क्रोमियम उघड्यावर पडते. वाचनालयाशी देखभालीचा करार करताना वर्षाला किमान दोन बांधण्या त्यात लिहा, आणि प्रत्येक बांधणीनंतर वरची ‘दुसऱ्या वर्षी’ची ओळ पुन्हा एकदा छापून पाहा.